न कापलेलं नाव

काकाजींनी आमच्या गल्लीतल्या एकूण एक माणसाला लाडाचं नाव दिलं होतं. मला सोडून. मला ते माझ्या कागदावरच्या नावानं हाक मारायचे, आणि तीही वरच्या गॅलरीतून, कठड्यावर दोन्ही हात टेकवून, गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशी. "उकर्डाऽऽ, चहा झाला रे." संध्याकाळी नांदगाव पेठेहून आमच्या कापडाच्या कंपनीची बस मला कोपऱ्यावर सोडायची. माझ्यासोबत उतरणारे दोघं-तिघं मला उमेश म्हणून ओळखायचे. हाक आली की मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचो. माझ्या बुटाला नाडी नव्हती. ते कोणाच्या लक्षात आलं नसावं, असं मी धरून चाललो होतो.

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांना सांगायला हवं. उकर्डा म्हणजे उकिरडा. घरात लेकरं जगत नसली, एकामागून एक गेली, की पुढचं जन्मलं त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवायचं. मग आत्यानं किंवा शेजारणीनं तिकडून यायचं, हे कोणी टाकलं म्हणून उचलायचं आणि आईच्या ओटीत आणून घालायचं. म्हणजे हे लेकरू आपलं नव्हेच, सापडलेलं आहे. टाकून दिलेल्या मालावर कोण कशाला डोळा ठेवील? नावही मग तेच ठेवायचं. पातूर तालुक्यातल्या आमच्या गावी आईनं हे सगळं यथासांग केलं आणि मी जगलो. जगलो, शाळेत गेलो आणि हजेरी सुरू झाली.

हजेरीबद्दल जास्त लिहीत नाही. अकोल्याला डिप्लोमा करत होतो तेव्हा माझं नाव पुकारलं की मागच्या बाकावरचा एक जण नियमानं नाक धरायचा, आणि मीही सगळ्यांसोबत हसायचो. न हसणं जास्त लाजिरवाणं होतं. म्हणून नोकरी लागली त्या दिवशी मी उमेश झालो. कोणाला विचारलं नाही, कुठं अर्ज केला नाही. पहिल्या दिवशी शेजारच्या मशीनवाल्यानं नाव विचारलं आणि तोंडातून उमेश निघालं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

अमरावतीत राजापेठेपलीकडच्या काकाजींच्या घरात खालची खोली बघायला गेलो तेव्हाही मी उमेशच होतो. पण भाड्याच्या करारासाठी आधार कार्ड दाखवावं लागलं. काकाजींनी चष्मा कपाळावर सरकवला, कार्ड नाकाशी धरून वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते काकूंच्या हातात दिलं. काकूंनी ते जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. मग त्या आत गेल्या आणि दुप्पट साखर पडलेला चहा घेऊन आल्या. झालं, म्हटलं, हसत असतील आत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅलरीतून पहिली हाक आली.

काकाजी अमरावतीच्या तारघरात होते. तारा बंद व्हायच्या पुष्कळ आधी निवृत्त झाले, पण आयुष्यभर शब्द कापण्याची सवय जिभेला लागली ती लागलीच. दूधवाल्याला म्हणायचे, "उद्या अर्धा. पाहुणे गेले." लाइनमनला फोन लावून म्हणायचे, "लाइट नाई. कूलर बंद. म्हातारी तापली." यातली म्हातारी म्हणजे काकू, आणि त्या उन्हानं तापल्या की रागानं, हे ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं.

या तुटक माणसाला एक भाषा येत होती, जी अख्ख्या अमरावतीत दुसऱ्या कोणाला येत नव्हती. एस्पेरांतो. कोणा डोळ्यांच्या डॉक्टरनं फार पूर्वी बनवलेली, जगातल्या सगळ्यांनी एकमेकांशी सोप्यात बोलावं म्हणून. काकाजींनी एका परदेशी मासिकातल्या पत्त्यावर पत्र टाकलं होतं, तिकडून पुस्तिका आली आणि त्यांनी ती तारघरात बसून पाठ केली. सगळ्या जगाशी बोलायची भाषा शिकले, आणि बोलायला माणूस नाही. मग ते कुंडीतल्या गुलाबाशी बोलायचे, कूलरमध्ये पाणी ओतताना कूलरशी बोलायचे. फाटकावर त्यांनी त्या भाषेचा हिरवा तारा रंगवला होता. तो पाहून आठवड्यातून एखादा माणूस शेळी घेऊन दारात यायचा, कारण बाहेरून ते घर गुरांच्या दवाखान्यासारखं दिसायचं. काकाजी त्याला खरा दवाखाना दाखवायचे आणि जाताना शेळीचं नाव विचारून घ्यायचे.

पुढे मोबाइल आला आणि त्यांना ब्राझीलमधला एक म्हातारा सापडला. तोही त्याच भाषेतला. दर रविवारी सकाळी दोघं व्हिडिओवर तासभर बोलायचे. इकडे काकाजी सदऱ्याची वरची गुंडी लावून बसायचे, तिकडे तो गंजीफ्रॉकवर. दोघांचे दात कमी, त्यामुळे ती भाषा खरी कशी ऐकू येते हे मला आजही ठाऊक नाही.

लाडाच्या नावांचं खूळ त्या भाषेतलंच. तिथं कोणावर माया असली की त्याचं नाव पुढून थोडं ठेवायचं, बाकी कापायचं आणि पुरुष असेल तर च्यो लावायचं, बाई असेल तर न्यो. प्रल्हाद दूधवाला प्राच्यो झाला. कोपऱ्यावरचा चहावाला सलीम साच्यो झाला. भाजीची गाडी घेऊन येणारी रुक्मा रुन्यो झाली, आणि तिला ते इतकं आवडलं की काकूंच्या पिशवीत ती सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी फुकट टाकायला लागली. मी एकदा काकाजींना म्हटलं की यात नवं काय, आपल्याकडेही गण्या, राम्या म्हणतातच की. तर त्यांनी पहिल्यांदा लांब वाक्य बोललेलं मी ऐकलं. म्हणाले, "आपला या लावला का मानूस लहान होते. हे च्यो लावलं का मानूस लहानपनात जाते."

हे त्यांचं मत सगळ्यांना पटायचं असं नाही. गल्लीतल्या नव्या नालीचा नारळ फोडायला नगरसेवक आले होते. भास्करराव त्यांचं नाव. पांढरे कपडे, मागं पंधरा-वीस माणसं, मीही गर्दीत. काकाजींनी वरून आवाज दिला, "भाच्यो, नालीचं पानी कुठं सोडून राह्यले?" सगळी गर्दी वर बघायला लागली. भाच्यो ही कोणत्या भाषेतली शिवी आहे याचा अंदाज घेत दोन कार्यकर्ते जिन्याकडे निघाले. काकाजींनी तिथूनच त्यांना एस्पेरांतोची माहिती द्यायला सुरुवात केली, आणि बोलता बोलता मला बघून म्हणाले, "विचारा आमच्या उकर्ड्याले." धरणीनं त्याच नालीत जागा करून मला पोटात घ्यावं असं झालं. कंपनीतला एक जण माझ्या शेजारीच उभा होता. मीही इकडे तिकडे बघितलं, जणू मलाही त्या उकर्ड्याला शोधायचं आहे. नगरसेवकांचं म्हणाल तर पुढे ते गल्लीतून जाताना हळूच वर बघायचे. हाक येते का, हे पाहायचे.

पण मला प्रश्न पडायचा. शेळीलासुद्धा न्यो लावणारा हा माणूस मलाच का वगळतो? माझं नाव कापलं असतं तर उच्यो झालं असतं. त्यात उकिरड्याचा मागमूस राहिला नसता. जगातली एक भाषा माझी लाज झाकायला तयार होती आणि ती येणारा एकुलता एक माणूस माझ्या डोक्यावर राहत होता. एकदा मी हिय्या करून विचारलं. "काकाजी, मले काहून नाई देत नाव?" ते गुलाबाला पाणी घालत होते. म्हणाले, "तुले नाई." एवढं म्हणून ते पुन्हा कुंडीकडे वळले. मी मनात ठरवून टाकलं की इतकं घाण नाव लाड करण्याच्या लायकीचं त्यांनाही वाटत नसेल. वाईट वाटलं, पण चूक वाटलं नाही.

आणखी एक कोडं होतं, पण ते मी सोडवायला गेलो नाही. काकूंचं नाव शांता. नियमानं त्यांचं शान्यो व्हायला हवं. काकाजी मात्र त्यांना पान्यो म्हणायचे. मला वाटलं नवरा-बायकोतलं काही असेल. काकू मात्र त्यांना काहीच म्हणायच्या नाहीत. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही, म्हणून मीही ते इथं लिहीत नाही.

माझं लग्नाचं वय उलटायला लागलं तेव्हा मोर्शीकडचं एक स्थळ आलं. संत्र्याचा बगीचा, शिकलेली मुलगी, सगळं माझ्या ऐपतीच्या एक पायरी वरचं. मी बायोडाटा स्वतः टाइप केला होता आणि त्यावर उमेश लिहिलं होतं. मुलीचे वडील आधी एकटे येऊन मुलगा कुठं राहतो, कसा राहतो ते बघून जाणार होते. माझ्या खोलीत एकच खुर्ची, म्हणून बैठक वर काकाजींकडे ठरली. हे स्थळ हातचं जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं, आणि ते माझ्या पगारावरून किंवा शेतीवरून जाणार नव्हतं. ते गेलंच तर गॅलरीतल्या एका हाकेनं जाणार होतं.

मी वर गेलो आणि सरळ हात जोडले. म्हटलं, एकच दिवस. उच्यो म्हणा, नाहीतर उमेश म्हणा. काकाजींनी बराच विचार केला.

"उमेश मी म्हननार नाई," ते म्हणाले. "अन् उच्यो बी नाई."

"मंग?"

"मंग त्या दिवशी मी बोलतच नाई."

म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरात गप्प बसवून मी खाली आलो आणि मला हायसं वाटलं.

आई आदल्या दिवशी एस्टीनं आली. तिलाही सांगून ठेवलं, पाहुण्यासमोर उमेश म्हण. सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा ती पलीकडे झाडू मारताना पुटपुटत होती. आधी वाटलं देवाचं काही म्हणतेय. मग ऐकू आलं, "उमेस, उमेस." थोड्या वेळानं झाडू ठेवून दारात आली आणि म्हणाली, "जीभ वळत नाई रे. अन् मले भेव वाटते." कसलं भय, ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. ज्या नावानं मला इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं, ते काढून घ्यायला मी तिला सांगत होतो. मी म्हटलं, "मंग काईच म्हनू नको." ती "बरं" म्हणाली.

मुलीचे वडील आले. उंच, काळेसावळे, हातात संत्र्यांची पिशवी. काकाजी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, ओठ घट्ट मिटून. पाहुण्यांनी नमस्कार केला तर त्यांनी नुसते हात जोडले. पाहुण्यांना बहुतेक वाटलं की म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. मग नोकरीचं विचारलं, शिफ्टचं विचारलं, गावाकडे शेतात काय पेरता ते विचारलं. मी उत्तरं दिली. आई दिवाणाच्या कडेवर बसली होती. तिला पाणी हवं होतं तर तिनं मला बोटानं खूण केली. पाहुण्यांनी तिला विचारलं की मुलगा घरी लक्ष ठेवतो का. ती म्हणाली, "ठेवते. हा, हा ठेवते." त्या दोन 'हा'च्या मध्ये माझं नाव यायची जागा होती. तिथं ती थांबली आणि मी दुसरीकडे बघितलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. अगदी रोजचा, चहा उतू जाऊ नये म्हणून घाईतला. "उकर्डा, ट्रे घेऊन जाय बाप्पा."

मी ओ दिली नाही. काकू कधी कोणाला नावानं हाक मारणाऱ्या नव्हत्या, त्यामुळे त्यांच्याकडे बंदोबस्त करायचं मला सुचलंच नव्हतं. पुन्हा आवाज आला, "उकर्डा, आयकू येते का?" मुलीच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकाजींकडे पाहिलं. काकाजी फरशीकडे बघत होते. दिलेला शब्द पाळत होते बिचारे.

"उकर्डा कोन?" पाहुण्यांनी विचारलं.

मी सांगू शकलो असतो. घरकामाचा गडी आहे म्हणायला एक क्षण लागला असता, आणि खरं सांगायला तेवढाच. माझ्या तोंडातून दोन्हीतलं काही निघालं नाही.

"माह्यं लेकरू," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम मोकळा झाला, दिवसभर बांधून ठेवलेलं जनावर सोडल्यासारखा. "हाच उकर्डा. मीच ठेवलं नाव. त्याच्या अगोदर दोन गेले."

मोर्शीच्या त्या माणसानं खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर ठेवलं. त्याला ही रीत सांगावी लागली नाही. तो आईकडे वळला आणि सावकाश म्हणाला, "काय नावं होती त्यायची?"

"पोरगा गजानन. अन् पोरगी सुमन. सुमन तं चालाले लागली होती."

दोन गेले, एवढं मी जन्मापासून ऐकत आलो होतो. दोन ही नुसती संख्या होती, माझ्या नावामागची अडगळ. त्यांनाही नावं होती, चांगली, लोकांसारखी नावं होती, हे मला माझ्या तिशीनंतर एका परक्या माणसानं विचारलं म्हणून कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं. मी माझ्याच नावाची लाज धरण्यात इतका गुंतलो होतो की त्या घरात आणखी कोणाचं काही गेलंय हे मला दिसलं नव्हतं. त्या दिवाणखान्यात मला जी लाज वाटली तिच्यापुढे हजेरीची लाज काहीच नव्हती.

खिडकीपाशी खुर्ची करकरली.

"गाच्यो," काकाजी म्हणाले. मग थोडं थांबून, "सुन्यो."

शब्द मोडला होता त्यांनी. आईला काही समजलं नाही. "काय म्हनते हे?" तिनं विचारलं. काकू ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लाडाची नावं हायेत. तुह्या लेकरायची." आईनं पदर सारखा केला आणि काकाजींना म्हणाली, "आनखी एकडाव म्हना." त्यांनी पुन्हा म्हटलं, दोन्ही, सावकाश. आईनं त्यांच्यामागून म्हणून पाहिलं. उमेश म्हणायला वळत नसलेली जीभ सुन्यो म्हणायला लगेच वळली.

पाहुणे चहा पिऊन उठले. जाताना दारात माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "शेती लिव्हली, पगार लिव्हला. अन् हेच काहून नाई लिव्हलं?" उत्तराची वाट न पाहता ते जिना उतरले.

संध्याकाळी आई दमून खाली झोपली आणि मी कपबशा विसळायला काकूंच्या स्वयंपाकघरात गेलो. काकूंनी न विचारता सांगितलं. त्यांचंही एक मूल गेलं होतं, मुलगी, पाळण्यातच. मग मुलगा झाला. सासूनं सूप बाहेर काढून ठेवलं होतं, काकूंनाही तेच हवं होतं. पण काकाजी तारघरातले, चार शिकलेल्या माणसांत वावरणारे. साहेबानं पेढे मागितले आणि नाव विचारलं तर उकर्डा सांगू? त्यांनी पुस्तकातून शोधून सुंदर नाव ठेवलं. तो मुलगा आठ महिन्यांचा होऊन गेला.

"त्या नावानं वाचला असता असं मी नाई म्हनत," काकू म्हणाल्या. "ताप होता त्याले. पन यायले तवा लाज वाटली होती. तुह्यासारखीच." बशी पुसून त्यांनी फडताळात ठेवली. "त्याच्यानंतर मंग ते भाषा आनली घरी. पान्यो म्हनतात मले. मले लय वर्सानं सांगतलं, तिकडं लेकरं माईले तसं म्हनतात."

मी विचारलं, मग मला पूर्ण नावानं का हाक मारतात? काकू माझ्याकडे अशा बघत राहिल्या की इतकं शिकून हे पोरगं असं कसं. "ते हाक माराची राह्यली होती न त्यायची," त्या म्हणाल्या.

काकाजींशी मी यावर एकदाच बोललो, तेही गुलाबाला पाणी घालतानाच. त्यांनी तारेत बसेल एवढंच उत्तर दिलं. "तुह्यं नाव माईनं अगोदरच लाडाचं ठेवलं. त्याले आनखी काय लावू?"

लग्न झालं. पत्रिकेवर माझं नाव छापलं, मोठ्या अक्षरात, सासऱ्यांच्याच सांगण्यावरून. कंपनीत पत्रिका वाटल्या तेव्हा एकदोघांनी नाक धरलं आणि आठवडाभरानं सोडून दिलं. माझी लाज गेली असं लिहिलं तर ते खोटं होईल. बँकेत नाव पुकारलं की मी आजही आधी आजूबाजूला बघतो आणि मग उठतो. एवढंच झालं की आता लाज वाटली की लाज वाटल्याचीही लाज वाटते. संध्याकाळची हाक मात्र चालू राहिली, आणि मी नाडी बांधणं बंद केलं. पण "ओ" मी हळूच द्यायचो, फक्त काकाजींना ऐकू जाईल इतकी.

गेल्या हिवाळ्यात काकाजी गेले. आम्ही आता थोडं पलीकडे राहतो, पण रविवारी सकाळी मी काकूंकडे जातो, कूलर-पंख्याचं, औषधांचं काही असलं तर बघतो. तेरवी झाल्यानंतरच्या रविवारी मी तिथं असताना काकाजींचा फोन वाजला. पडद्यावर ब्राझीलचा म्हातारा. त्याला कोणी कळवलंच नव्हतं. आधीच्या रविवारीही तो लावत राहिला असणार.

"तू सांग त्याले," काकू म्हणाल्या. "मले नाई येत ते."

मलाही येत नव्हतं. काकाजींनी चहासोबत शिकवलेले चार शब्द होते. फोन उचलला, तो गंजीफ्रॉकवर बसला होता आणि माझ्या मागे काकाजींना शोधत होता. "सालूतोन," मी म्हणालो, म्हणजे नमस्कार. मग काकाजींच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "मोर्तिस." म्हणजे गेले. तारेत असाच एक शब्द जात असणार.

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. मग त्यानं डोळे पुसून विचारलं, "व्हिआ नोमो?" हे मला समजलं. तुझं नाव काय, असं तो विचारत होता.

इतक्या वर्षांची सवय, जीभ आधी उमेशकडेच गेली. काकू दारात उभ्या होत्या.

"उकर्डा," मी म्हणालो.

तो ओल्या डोळ्यांनी हसला, मान डोलावली आणि अगदी मायेनं म्हणाला, "उच्यो."

मी ज्याच्यासाठी हात जोडले होते ते ब्राझीलहून न मागता आलं होतं. किती बरं वाटलं असतं ते एके काळी.

"ने," मी म्हणालो. ने म्हणजे नाही. "उकर्डा."

त्यानं कान पुढे केला. आवाज तुटत होता. काकू म्हणाल्या, "गॅलरीत जाय. तथी रेंज येते. अन् मोठ्यानं सांग, लांब हाये तो."

मी फोन घेऊन गॅलरीत गेलो. एक हात कठड्यावर टेकवला आणि म्हातारा ऐकेपर्यंत सांगितलं, दोनदा, मग तिसऱ्यांदा आणखी जोरात. खाली रुक्मा भाजीची गाडी घेऊन उभी होती. तिनं दचकून वर पाहिलं. काकाजी गेल्यापासून त्या गॅलरीतून कोणी आवाज दिला नव्हता.

"कोनाले हाक मारून राह्यले?" तिनं विचारलं.

"कोनाले नाई," मी म्हणालो. "माह्यं नाव सांगून राह्यलो."